येळ्ळूरच्या शिवारात जपानी शाईचित्र : मोकळी जागा शिकण्याची एक पद्धत

चित्रकलेच्या कॉलेजांच्या वार्षिक प्रदर्शनात 'जपानी' म्हणून टांगलेलं एक तरी चित्र असतंच. आडवी फांदी, तिच्यावर गुलाबी चेरी, मागं फुजी, कोपऱ्यात लाल सूर्य आणि बाजूला इंटरनेटवरून उतरवलेली, काढणाऱ्यालाही न वाचता येणारी अक्षरं. यातून हात थोडाफार वळतो, पण जपानी चित्रकार निसर्गाकडं आणि जागेकडं कसं बघतात ते कळत नाही. काढणाऱ्यानं चेरी बघितलेली नसते, फुजीही नसतो. त्यानं बघितलेलं असतं ते बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, जांबोटीची झाडी, गोकाकचा धबधबा, निपाणीकडचा माळ. मग अभ्यासही तिथंच करावा.

आपला मुलूख या अभ्यासाला फार सोयीचा आहे. जपानी शाईचित्रात जो भाग कोरा दिसतो तिथं बहुतेक वेळा काहीतरी असतं, फक्त धुक्यानं, पाण्यानं किंवा पावसानं झाकलेलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, घाटमाथ्याला लागून. पावसाळ्यात शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला डोंगर, झाडं, देवळांची शिखरं डोळ्यांदेखत नाहीशी होतात आणि परत येतात. खानापूर तालुक्यात तर विचारूच नका. पांढरं कुठं सोडायचं याचा धडा फुकटात मिळतो. खालची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे: काय नाहीसं होतंय ते आधी बघायचं, ब्रश नंतर.

मूळ चित्रं नीट बघून घ्या

पुष्कळ चित्रं चाळू नका. तीन पुरेत.

पहिलं हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) या चित्रकाराचं पाइनच्या झाडांचं. सहा-सहा फळ्यांचे दोन घडीचे पडदे, कागदावर नुसती काळी शाई. मूळ चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि संग्रहालयानं त्याची मोठी छायाचित्रं खुली ठेवली आहेत. मोबाईलवर बघू नका, संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघा. जवळून बघितलं तर झाडं म्हणजे नुसते खरखरीत, घाईनं ओढलेले फटकारे. झूम कमी करत मागं आलात की तेच फटकारे धुक्यातलं पाइनचं बन होतात. पुढची झाडं गडद, त्यामागची पुसट, त्यामागची असून नसल्यासारखी, आणि एका पडद्यावर वरच्या अंगाला बर्फाचा डोंगर जेमतेम जाणवतो. आता चित्राची प्रिंट काढा, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि शाई न लागलेल्या जागेची फक्त बाह्यरेषा काढा. झाडं काढायची नाहीत. निघालेला आकार बघितलात की धुक्यालाही वळण असतं, दिशा असते हे दिसेल. असा आकार नुसत्या मनानं रचून येत नाही.

दुसरं सेश्शू या जपानी चित्रकाराचं १४९५ सालचं 'हाबोकु' पद्धतीचं निसर्गचित्र. शाई शिंपडल्यासारखी दिसते. प्रथम काहीच कळत नाही, मग खालच्या बाजूला छप्पर सापडतं, होडी सापडते, होडीत माणसं सापडतात. कमी सांगायचं म्हणजे किती कमी, त्याचं माप इथं मिळतं.

तिसरं हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं १८५७ सालचं लाकडी ठशाचं चित्र: पुलावर अचानक आलेली सर. ते पावसासाठी, त्याच्याकडं पुढं येऊ.

हे सगळं आपल्याकडं पहिल्यांदा येतंय असंही नाही. जपानी कलाविचारवंत ओकाकुरा १९०२ मध्ये कलकत्त्यात होते. पुढच्याच वर्षी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोघे जपानी चित्रकार तिथं आले आणि अवनींद्रनाथ ठाकुरांनी त्यांच्याकडं बघून वॉशची, म्हणजे पाण्यानं पातळ केलेल्या रंगाचे थर देत जायची, पद्धत आपलीशी केली. गंमत म्हणजे ताइकान आणि शुन्सोंच्या बाहेररेषा नसलेल्या धूसर चित्रांना त्यांच्याच देशात 'मोरोताई', म्हणजे अस्पष्ट शैली, म्हणून हिणवलं जात होतं. बेळगावची परंपरा वेगळ्या वाटेची. के. बी. कुलकर्णी मास्तरांची वास्तववादी निसर्गचित्रं, १९३५ साली इथंच जन्मलेले रवी परांजपे हे त्यांचे विद्यार्थी. तिचा आणि शाईचित्राचा झगडा आहे असं मला वाटत नाही. उघड्यावर बसून समोरचं बघायची शिस्त त्या परंपरेत पक्की होती आणि आपल्याला नेमकी तीच लागणार आहे.

साहित्य : जपानहून काही मागवू नका

निदान पहिलं वर्षभर तरी.

शाईबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक या कामाला चालत नाही. तिच्यातलं बांधणारं द्रव्य वाळलं की घट्ट बसतं, ब्रशच्या मुळाशी साचलं की ब्रश गेलाच, आणि पातळ केल्यावर हवी तशी पसरत नाही. जपानी सुमी म्हणजे काजळी आणि जनावराच्या कातडी-हाडांचा सरस यांची वडी, दगडावर पाणी घालून उगाळायची. काजळी पाइनच्या लाकडाची असली की शाई निळसर झाक मारते, तेलाच्या दिव्याची असली की किंचित तांबूस. तेलाची काजळी घरी धरता येते. आजीला विचारा, डोळ्यातलं काजळ ती तसंच धरायची.

तिळाच्या तेलाच्या दोन-तीन पणत्या वारा नसलेल्या कोपऱ्यात लावा आणि ज्योतीच्या टोकाला जेमतेम लागेल अशी पितळी ताटली विटांवर पालथी ठेवा. वात जाड ठेवली तर काजळी जास्त पडते. तासा-दीड तासानं पणत्या विझवा, ताटली गार होऊ द्या आणि पिसानं काजळी खरवडून घ्या. पंखा बंद ठेवा, नाहीतर आई घरात घेणार नाही. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी फडक्यातून गाळा. काजळीत एकदम पाणी घातलं की ती वर तरंगत बसते, म्हणून आधी दाट डिंकाचे थेंब घालून काचेवर घोटायचं. पिठाच्या गोळीसारखी झाली की मग थेंबाथेंबानं पाणी. जेवढं घोटाल तेवढी शाई गुळगुळीत. कागदावर लावून वाळू द्या आणि बोट फिरवा. काळं हाताला लागलं तर डिंक कमी पडलाय. चकचकीत दिसून तडकलं तर जास्त झालाय. हे सगळं नको असेल तर तयार सुमीची बाटली ऑनलाइन मिळते, पण एकदा करून बघाच. शाईचे स्वभाव त्यातून कळतात.

कागद हातकागद घ्या. पुण्याच्या शिवाजीनगरातली हातकागद संस्था १९४० पासून आहे. पुण्याला जाणारं कुणी ना कुणी असतंच, सांगून ठेवा. घेताना कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच शोषला जाऊन पसरला तर कागदाला खळ नाही; शाई फुटेल, फुलेल, सावरायला वेळ मिळणार नाही. थेंब तसाच उभा राहिला तर खळ जास्त, शाई वरच्यावर तरंगेल. सुरुवातीला मधला बरा. फार शोषणाऱ्या कागदाला जपानी चित्रकार सरस आणि तुरटीचं पातळ पाणी देतात, त्याला 'दोसा' म्हणतात. कपभर कोमट पाण्यात चमचाभर सरस विरघळवून चिमूटभर तुरटी घाला, रुंद ब्रशनं एकदा फिरवा आणि कागद सावलीत वाळवा. तुरटीचा हात सैल सोडू नका, तिच्या आम्लानं कागद पुढं ठिसूळ होतो.

ब्रश दोन: एक टोकदार मोठा गोल, पोटात पाणी धरणारा, आणि एक रुंद चपटा. शिवाय पाच पांढऱ्या बशा, पाण्याची दोन भांडी, जुनं सुती फडकं. आषाढात कागदाला बुरशी फार लवकर धरते, त्यामुळं कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. वर्तमानपत्रात ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी हवा दाखवा.

जागा आणि वेळ

एकच जागा धरा आणि वर्षभर तिथंच जा. माझ्या मतानं नवशिक्यासाठी येळ्ळूरच्या शिवारातून दिसणारा राजहंसगड हा किल्ला उत्तम. पुढं भाताची खाचरं, मध्ये बांधावरची तुरळक झाडं, मागं गड. पुढचं, मधलं, मागचं असे तीन थर आयते वेगळे. उभ्या चित्रासाठी गोकाक, साधारण ५२ मीटरची धार सरळ खाली. झाडीसाठी जांबोटी-कणकुंबीचा रस्ता. मलप्रभा उगम पावते तो भाग. भीमगडच्या अभयारण्यात मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नका, आणि बेळगावच्या कॅम्पातल्या लष्करी हद्दीत स्केचबुक उघडू नका.

जपानी लोक वर्षाचे बहात्तर बारीक ऋतू मोजत आले आहेत, पाच-पाच दिवसांचे. आपल्या शेतकऱ्याकडं पावसाची नक्षत्रं आहेत, तेरा-चौदा दिवसांची. तुमच्या स्केचबुकला तारखांऐवजी तीच घाला. मृगात माती तांबडी-काळी, ठिपक्याठिपक्यांनी ओली. पुनर्वसू-पुष्यात लागण चालू, खाचरांत आभाळ उतरलेलं. मघा-पूर्वात सगळं एकसारखं हिरवं, चित्राला सगळ्यांत अवघड. हस्तात ढग उंच, सावल्या धारदार. स्वातीपर्यंत भात पिवळं पडायला लागतं. एकाच जागेची प्रत्येक नक्षत्राला एक पाटी, म्हणजे एक पुरं चित्र, केलीत तर वर्षअखेरीस जे हातात येईल त्याला ऋतूंचा अभ्यास म्हणता येईल, आणि त्यासाठी एकही चेरी काढावी लागणार नाही.

ब्रश न उचलता बसणं

पोचल्यावर पहिला अर्धा तास नुसतं बसा. वहीत फक्त शब्द लिहा: काय आधी गेलं, काय शेवटी गेलं, काय आधी परत आलं.

यात एक फरक टिपायला शिकलात तर निम्मं काम झालं. आषाढातला ढग वरून येतो. तो आधी गडाचा माथा खातो; बुरूज जातात, गडावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा जातो, मग उतार, आणि डोंगराचा पायथा शेवटपर्यंत गडद राहतो. मार्गशीर्ष-पौषातलं पहाटेचं धुकं उलटं. ते जमिनीलगत साठतं, म्हणून बांध आणि झाडांची खोडं आधी जातात आणि शेंडे, गडाचा माथा वर तरंगत राहतात. विद्यार्थी या दोहोंची सरमिसळ करतात. माथाही पुसट, पायथाही पुसट, मग ते धुकंही दिसत नाही आणि ढगही दिसत नाही, कागद मळल्यासारखा दिसतो.

शेतातली माणसं येऊन बघतात, विचारतात, "एवढा कागद कोरा कशाला ठेवलासा?" समोर बोट दाखवा आणि विचारा, तिथं काय दिसतंय? "काय नाही की, ढग आलाय." झालं की मग. आणि जिथं असं उत्तर देता येत नाही तो कोरा भाग संशयास्पद समजा. माझी कसोटी सरळ आहे: चित्रातल्या प्रत्येक पांढऱ्या तुकड्याला नाव सांगता आलं पाहिजे. ढग, खाचरातलं पाणी, ओली वाट, आभाळ. नाव नसेल तर तो भाग फक्त करायचा राहिलाय.

काळं आणि पांढरं, बस्स

आता काडेपेटीएवढ्या चौकटी आखा आणि जाड काळ्या पेननं समोरचं दृश्य दोनच भागांत वाटा: काळं आणि पांढरं. राखाडी नाही, रेघोट्या नाहीत. याला 'नोतान' म्हणतात. मध्यम छटेची प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी एका बाजूला ढकलावीच लागते आणि रचनेचा निर्णय तिथंच होतो. भाताचं खाचर काळं की पांढरं? दोन्ही करून बघा. चौकटीचे आकारही बदला. लांब आडवी, उंच अरुंद, चौकोनी. गड उंच अरुंद चौकटीत घातला तर तो वर एका कोपऱ्यात जातो आणि खालचा सगळा उतार पाण्याचा होतो; आडव्या चौकटीत तोच गड नुसती एक लहर. २२ × ३० इंची कागद उभा मधोमध कापला की ११ × ३० ची दोन उंच चित्रं होतात, टांगायच्या जपानी गुंडाळ्यांच्या प्रमाणाच्या जवळपास.

मुख्य वस्तू मधोमध ठेवायची आपली सवय लोअर-हायरच्या ड्रॉइंग परीक्षांपासूनची आहे. ती मोडायला हिरोशिगेची युक्ती वापरा: अगदी जवळची वस्तू चौकटीनं कापून टाका. जांभळीची एक फांदी वरून अर्धी आत आलेली, आणि तिच्याखालून दूर इवलासा गड. मधलं काहीच काढायचं नाही. जवळचं आणि लांबचं यांच्यातलं अंतर बघणाऱ्याचा डोळा स्वतः चालून जातो.

पाच बशा

पहिल्या बशीत दाट शाई. तिच्यातले थोडे थेंब दुसऱ्या बशीत घेऊन पाणी, दुसरीतले तिसरीत, असं पाचव्यापर्यंत. पाचवी बशी म्हणजे मळकं पाणी वाटेल इतकी फिकी हवी. शाई वाळल्यावर उतरते, म्हणून कागदाच्या पट्टीवर पाचही छटा लावून, वाळवून, तारीख घालून जवळ ठेवा. पावसाळी हवेत वाळायला फार वेळ लागतो. ओल्या छटेवर विश्वास ठेवलात तर वाळल्यावर सगळं चित्र फिकं पडेल.

मग एकाच ब्रशमध्ये तीन छटा भरायला शिका. ब्रश पाण्यात भिजवून फडक्याला टेकवा, अर्ध्यापर्यंत मधल्या छटेत बुडवा, आणि अगदी टोक दाट शाईला लावा. ब्रश आडवा करून ओढला की एका फटकाऱ्यात गडद कडेपासून पांढऱ्यापर्यंत उतार मिळतो. सरावाला मेसकाठी काढा. खानापुरात बांबूला तोटा नाही. खालून वर जा, टेकवा, ओढा, पेराशी थांबा, उचला. ब्रश उभा, मनगट स्थिर, हात खांद्यातून.

एक पाटी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पुष्य नक्षत्र, सकाळ, ढग गडाच्या मध्यापर्यंत उतरलेला. कागद ११ × ३० इंच, उभा, बोर्डवर चिकटवलेला.

नोतान समोर ठेवा. पेन्सिलीनं तीनच खुणा करा: ढगाची खालची कड, डोंगराचा पायथा, जवळच्या बांधाचं टोक. रुंद ब्रशनं वरचा दोन-तृतीयांश भाग स्वच्छ पाण्यानं ओला करा. पाण्याची चकाकी गेली, पण कागद अजून गार लागतोय, अशा वेळी चौथ्या बशीतल्या छटेनं डोंगराचा पायथ्याकडचा उतार घाला आणि ब्रश वर नेता नेता उचला. लगेच दुसरा, नुसत्या पाण्याचा ब्रश त्या वरच्या कडेवर फिरवा म्हणजे कड विरघळते. ठशांच्या चित्रांत अशा उतरत्या छटेला 'बोकाशी' म्हणतात. गडाचा माथा काढू नका. बघणाऱ्याला तो कळतो, आणि मोह झालाच तर पाचव्या बशीतला एकच ठिपका बुरुजासाठी.

इथं थांबा. चहा प्या. कागद पूर्ण वाळला पाहिजे.

खाचरं कोरीच राहणार, ती पाणी आहेत. बांध मात्र त्यांना आकार देतात. तिसऱ्या छटेनं, लांब न मोडणाऱ्या रेषेत, जवळचा जाड आणि लांबचा बारीक. दोन बांधांमधलं अंतर वर जाताना कमी होत गेलं पाहिजे, नाहीतर पाणी उभं राहील, भिंत होईल. लागण करणाऱ्या बायका असतील तर ओणव्या पाठींचे चार-पाच ठिपके पुरेत, पण त्यांच्यातलं अंतर एकसारखं ठेवू नका. दोन जवळ, एक लांब, मग पुन्हा दोन.

शेवटी जवळची बाभूळ. ब्रश जवळजवळ कोरडा, पहिल्या बशीतली शाई, फडक्यावर टिपून. खोडाचा फटकारा तुटक यायला हवा, कागदाचा पोत मधून दिसला पाहिजे, ही 'कासुरे'. पानांसाठी ब्रशचे केस बोटांनी पसरवून नुसतं टेकवत जा. ओल्या फटकाऱ्यात दाट शाईचा एखादा थेंब सोडलात तर तो आपोआप पसरून फुलतो. सोतात्सु हा जपानी चित्रकार आणि त्याच्या वाटेनं गेलेल्या चित्रकारांनी या 'ताराशिकोमी'वर फार सुंदर कामं केली आहेत. एका झाडात एकदाच करा. चटक लागते.

चूक झाली तर खोडायला जाऊ नका, पांढरा रंग तर नाहीच नाही. दुसरा कागद घ्या.

पाऊस काढायचा असेल तर

हिरोशिगेच्या पुलावरच्या सरीत पावसाच्या रेषा सरळ, बारीक आणि दोन किंचित वेगळ्या कोनांत आहेत, म्हणून डोळ्यांसमोर हलल्यासारखं होतं. हा वळीव आहे, बेळगावची झिमझिम नव्हे. वैशाखातल्या वळवासाठी मेणबत्तीचं टोक टोकदार करून पट्टीनं तिरप्या रेषा ओढा आणि वरून शाई फिरवा. मेण लागलेलं पांढरं राहतं. झिमझिमीला रेषा लागतच नाही, सगळ्या छटा एकेक बशी फिक्या घ्यायच्या एवढंच.

रंग एकच

रंग घ्यायचाच तर एक, आणि तोही इथला. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती मूठभर आणा, वाटा, पाण्यात ढवळा, क्षणभर थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, खालचे खडे टाकून द्या. असं तीन-चार वेळा केलं की शेवटी तळाला बसतो तो गाळ लोण्यासारखा मऊ असतो. वाळवून डिंकात घोटा. जपानी चित्रकार दगडाच्या भुकटीचे रंग सरसात कालवतात, कामाची जात तीच. हा तांबडा रंग ओल्या वाटेला किंवा एखाद्या कौलारू छपराला द्या. दोन्हींना एकदम दिलात तर शाई मागं पडते.

शिक्का, भिंत आणि ज्युरी

जपानी लिपी येत नसेल तर ती चित्रावर लिहू नका. लाल शिक्का हवा असेल तर खोडरबरावर स्वतःच्या आद्याक्षराचा, देवनागरीतच, उलटा कोरा. शिक्का पांढऱ्या भागाच्या मध्यावर पडला की डोळा तिथंच अडकतो. तो कडेला, मुख्य झाडाच्या समोरच्या बाजूला ठेवा. आधी लाल कागदाचा कपटा सरकवून जागा ठरवा.

पातळ हातकागद मागून दुसऱ्या कागदानं जोडावा लागतो. मैद्याची पातळ, गाळलेली खळ, ताजी. चित्र पालथं घालून हलकं ओलं करा, खळ लावलेला कागद मधून कडेकडं ब्रशनं बसवत न्या आणि सरळ लाकडी फळीवर कडा चिकटवून वाळू द्या. शाई पुरती मुरलेली नसेल तर या वेळी पसरते, म्हणून चित्र झाल्यावर निदान आठवडाभर तरी थांबा. प्रदर्शनात अशा चित्राच्या दोन्ही बाजूंना त्याच्या रुंदीएवढी भिंत मोकळी मागून घ्या. चार चित्रांची दाटी करून टांगलंत तर आतलं मोकळेपण कुणाला दिसणार?

ज्युरीत "अर्धं चित्र रिकामंच की!" हे ऐकावं लागेल. तेव्हा 'मा' (मोकळी जागा), 'वाबी-साबी' (साधेपणातलं, जुनेपणातलं सौंदर्य) असले जपानी शब्द फेकू नका. समोरच्याला ते पाठ असतात आणि तुम्ही अडकाल. नोतानच्या काडेपेट्या, छटांची पट्टी आणि नक्षत्रवार वही टेबलावर ठेवा. कुठला पांढरा तुकडा काय आहे ते बोट ठेवून सांगा, आणि त्याच जागेची दोन नक्षत्रांतली चित्रं शेजारी शेजारी लावा, पुष्यातलं आणि स्वातीतलं.